तुझ्या कथेतले मामा जातात तेव्हा

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

तुझी कथा दोनदा वाचली. घड्याळं दुरुस्त करणारे मामा आणि त्यांच्याजवळ स्टुलावर बसून बघत राहणारी भाची, ही जोडी तुला फार छान सापडली आहे. मामा गेल्यावर वाचकाला काहीच का होत नाही, असं तू विचारलंस. त्याचं कारण त्या प्रसंगात शोधू नकोस. मृत्यू सातव्या पानावर आहे, पण दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या पानावरचं आहे.

वाचकाला आधी त्या माणसाची सवय व्हावी लागते. तू मामांचे गुण सांगितलेस: प्रेमळ, हुशार, अडल्यानडल्याला धावून जाणारे. पण गुणांची सवय होत नाही, लकबीची होते. तशी एक लकब तू लिहिलीसही आणि एकदाच वापरून सोडून दिलीस. भिंतीवर 14 घड्याळं टिकटिकत असताना मामा मान वर न करता विचारतात, "किती वाजले गं?" हे तीनदा येऊ दे. पहिल्यांदा हसू येईल असं. दुसऱ्यांदा जाता जाता, भलतंच काही चाललेलं असताना, एका ओळीत. तिसऱ्यांदा थोडं बदलून: मामांनी विचारायच्या आत भाचीच वेळ सांगून मोकळी होते. आता वाचक चौथ्या वेळेची वाट बघू लागतो, आणि ती वेळ तू येऊ द्यायची नाहीस. एकदोनदाच आलं तर ते विसरलं जातं. सहा-सात वेळा आलं तर लेखकाची खटपट दिसते.

हे आधी पेरून ठेवणं किती काम करतं, ते 'आनंद'मध्ये बघ. 1971 सालचा हा चित्रपट आनंद गेला आहे हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. धक्का द्यायला काही उरतच नाही, तरी शेवटी लोक रडतात. कारण टेपरेकॉर्डर. आधी तो मजेमजेत येतो, त्यावर दोघांचे आवाज भरले जातात आणि आपण ते विसरतो. आनंद गेल्यावर त्याचा डॉक्टर मित्र भास्कर त्याला "बोल" म्हणून विनवतो, आणि त्या टेपमधून आनंदचा आवाज येतो. तोच टेपरेकॉर्डर शेवटच्या प्रसंगात पहिल्यांदा आणला असता, तर ती नुसती युक्ती वाटली असती.

आता सहावं पान. तोवर अबोल असलेले मामा अचानक भाचीला बक्षीस देतात, तिच्या डोक्यावरून हात फिरवतात, भविष्याबद्दल बोलतात. अनुभवी वाचक इथेच ओळखतो की हा माणूस आता जाणार, आणि मन आवरून बसतो. मरणाच्या तोंडावर पात्राला गोड करू नकोस. उलट त्या दिवशी मामा थोडे वैतागलेले असू देत. भाचीच्या हातून बारीक स्क्रू खाली पडतो, ते "राहू दे, उद्या बघू" म्हणतात. असा साधा, अर्धवट राहिलेला दिवस वाचकाला जास्त टोचतो, कारण तो दुरुस्त करायची संधी आता कुणालाच नाही.

आणि ते दीड पानाचं शेवटचं भाषण काढ. मला माहीत आहे, त्यावर तू सगळ्यात जास्त मेहनत घेतली आहेस. पण ज्याचा श्वास अडकतो आहे तो माणूस मोठमोठी वाक्यं बोलत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मामा स्वतःच सगळं बोलून मोकळे झाले की वाचकाजवळ आवंढा गिळण्यासारखं काही उरत नाही.

'शार्लट्स वेब' पुन्हा काढून वाच. 1952 सालची, मुलांसाठी लिहिलेली ही कादंबरी. शार्लट कोळीण तिचा मित्र विल्बर या डुकराचा निरोप घेते, आणि तिचं मरण त्यानंतर अगदी थोडक्यात येतं. जत्रेचं मैदान रिकामं झालेलं आहे, आणि ती गेली तेव्हा तिच्याजवळ कुणी नव्हतं. लेखक 'बिचारी' म्हणत नाही, रडत नाही. पण त्याआधी एक व्यावहारिक काम उरकलेलं असतं: तिच्या 514 अंड्यांची पिशवी विल्बर तोंडात धरून घरी नेतो. दुःखाच्या क्षणी पात्राला हाताने करायचं काम दिलं की भावनेबद्दल लिहावं लागत नाही. तुझी भाची खोलीच्या मधोमध उभी राहून रडते. तिला तो पडलेला स्क्रू शोधायला लाव.

एक तांत्रिक गोष्ट. भाषण काढून मामा परगावी अपघातात गेल्याची फक्त बातमी आणलीस, तर त्यात धोका आहे. शेरलॉक होम्सला त्याच्या लेखकाने 1893 साली धबधब्यात पाडलं, पण पडताना पाहिलेलं कुणी नव्हतं आणि देह सापडला नाही. ती फट राहिली म्हणूनच 1903 साली त्याला परत आणता आलं. देह दिसला नाही की वाचक आशा सोडत नाही, आणि आशा असताना शोक सुरू होत नाही. प्रेताचं वर्णन कर असं मी म्हणत नाही. मामांचं भिंग कुणीतरी रुमालात बांधून आणून दिलं, एवढं पुरे.

शब्द साधे ठेव. 'सेसमी स्ट्रीट' या मुलांच्या मालिकेत दुकानदार मिस्टर हूपरचं काम करणारे नट 1982 साली वारले. त्यांच्या जागी दुसरा नट न आणता 1983 साली त्या पात्राचा मृत्यूच दाखवला गेला. मालिकेतला बिग बर्ड हा पक्षी सगळ्यांची चित्रं काढून आणतो, वाटतो, आणि हूपरचं चित्र त्याच्या हातात उरतं. मोठी माणसं त्याला सरळ सांगतात की ते वारले, ते परत येणार नाहीत. तुझ्या कथेत मामा 'अनंतात विलीन' होतात, 'काळाच्या पडद्याआड' जातात. या शब्दांवरून वाचकाची नजर घसरून जाते. 'मामा वारले' असं लिही.

मापाचं सांगते. तुझी कथा साधारण 3000 शब्दांची आहे. मृत्यूला 600 शब्द दिलेस आणि नंतरच्या दिवसांना जेमतेम 80. हे उलटं कर: मृत्यूला 100 ते 120, नंतरच्या दिवसांना 500. खरा परिणाम तिथे होतो, आणि तुझ्याकडे तर त्यासाठी घड्याळं आहेत! चावीच्या गजराच्या घड्याळाला रोज चावी द्यावी लागते, साधारण 30 तासांत ते थांबतं. भिंतीवरची लंबकाची बरीच घड्याळं एका चावीवर आठ दिवस चालतात. म्हणजे मामांनी दिलेली चावी ते गेल्यावरही संपायची आहे. दुसऱ्या दिवशी टेबलावरची दोन थांबतात. मग भिंतीवरची, एकेक करून, कारण सगळ्यांना एकाच दिवशी चावी दिलेली नव्हती. कुठल्या दिवशी किती चालू आहेत याचा एक तक्ता आधी कागदावर मांड, म्हणजे हिशेब चुकणार नाही. आणि ती थांबत आहेत हे भाचीला डोळ्यांनी नको, कानांनी कळू दे.

खर्डा झाला की 'अश्रू', 'हुंदका', 'काळीज', 'पोरकी' हे शब्द खोडून एकदा मोठ्याने वाच. जिथे वाक्य लंगडं पडेल तिथे एखादी वस्तू किंवा कृती ठेव. शब्द परत आणू नकोस. नंतर मृत्यूचा परिच्छेद झाकून वाच. तो नसतानाही मामा गेलेत हे जाणवलं, तर कथा उभी राहिली आहे.

शेवटचं घड्याळ थांबू द्यायचं, की त्याआधी भाचीने चावी हातात घ्यायची, हे मी सांगणार नाही. दोन्ही शेवट लिहून पाठव.

तुझी,
आई