लपवायचे काही नव्हते, तरी खोली सोडावी लागली

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातील अग्रलेख दोनदा वाचला. पहिल्यांदा चहाबरोबर आणि दुसऱ्यांदा, पहिल्या वाचनात माझीच काही चूक झाली असावी या शंकेने. चूक झाली नव्हती. ज्याच्याजवळ लपवण्यासारखे काही नाही त्याने सरकारी नजरेला भिण्याचे कारण नाही, असेच आपले म्हणणे होते. देशाच्या सुरक्षिततेविषयी आपल्याला वाटणाऱ्या काळजीचा मी आदर करतो. मात्र माझ्या घराची माडीवरची खोली गेल्या दिवाळीपासून रिकामी आहे, आणि तिथे राहणाऱ्या मुलीजवळ लपवण्यासारखे काहीही नव्हते.

मुलगी गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली तालुक्यातली, इथे नागपुरात नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. भाडेकरूची माहिती पोलिसांना न देणाऱ्या घरमालकावर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा दाखल होऊ शकतो, हे आपले वाचक जाणतातच. चौतीस वर्षे दूरसंचार खात्यात काढलेला मी माणूस. नियम निघाला की अर्ज आधी भरतो. पोलिसांच्या संकेतस्थळावर भरायला बसलो तर ओटीपी येईना, म्हणून ठाण्याजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात गेलो. दुकानदाराने कागद व्हॉट्सॲपवर टाकायला सांगितले. तिचे आधार कार्ड, छायाचित्र, महाविद्यालयाचे ओळखपत्र, मोबाइल क्रमांक आणि गावचा पत्ता असे सारे मी माझ्या हाताने पाठवले आणि वर पन्नास रुपये मोजले. त्याच्या संगणकावर ‘भाडेकरू’ नावाचे फोल्डर उघडे होते आणि त्यात ओळीने माणसांचे चेहरे दिसत होते. ते पाहूनही मी गप्प बसलो, ही माझी चूक.

आठवडाभराने बीटवरचे हवालदार घरी आले. माणूस सभ्य होता, पाणी मागून प्यायला, ‘बेटा’ म्हणूनच बोलला. पण अर्जावरचे गाव वाचल्याबरोबर प्रश्न बदलले. भाऊ किती, ते करतात काय, तिकडून भेटायला कोण येते, सुटीत गावाला गेलीस तर नेमकी कोणत्या वाटेने जातेस? गडचिरोलीत नक्षलवाद्यांशी लढताना पोलिसांनी किती माणसे गमावली आहेत हे मला ठाऊक आहे, त्यामुळे विचारणाऱ्याला मी दोष देत नाही. ते गेल्यावर मात्र ती जिन्याच्या पायरीवरच बसून राहिली आणि ‘काकाजी, मी काही केलं का?’ असे तिने विचारले, तेव्हा माझ्याजवळ उत्तर नव्हते.

पुढच्या महिन्यात तिच्या मोबाइलवर अनोळखी क्रमांकावरून संदेश येऊ लागले. पाठवणाऱ्याला तिचे पूर्ण नाव, गाव, महाविद्यालय आणि आमच्या घराचा क्रमांकसुद्धा माहीत होता. ही माहिती त्या दुकानातून फुटली की आणखी कुठून, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. तक्रार द्यायला आम्ही दोघे गेलो, तर सोबत मुलीचे आधार कार्ड जोडावे लागेल, झेरॉक्स समोरच्या दुकानात मिळेल, असे आम्हाला सांगण्यात आले. ती काही न बोलता बाहेर पडली आणि त्या रविवारी तिचे वडील येऊन सामान घेऊन गेले.

आता आपल्या अग्रलेखातील फोन टॅपिंगविषयी. आयुष्य त्याच खात्यात गेल्यामुळे एवढे सांगू शकतो की, दुसऱ्याचे बोलणे ऐकण्यासाठी ब्रिटिशांनीसुद्धा १८८५ च्या तार कायद्यात कारण घालून ठेवले होते: सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने आदेश गृहसचिवाच्या पातळीवरूनच निघावा, तो दोन महिनेच चालावा आणि वाढवला तरी सहा महिन्यांपुढे जाऊ नये, असे बंधन घातले. २००७ मध्ये तेच ४१९-अ या नियमात उतरले आणि डिसेंबर २०२४ पासून त्या जागी नवे नियम आले. लाचखोरीच्या एका प्रकरणातील असे आदेश ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केले, आणि झालेले ध्वनिमुद्रण नष्ट करायला लावले, कारण त्यात सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्नच नव्हता. व्यवस्था आदर्श आहे असे मी म्हणत नाही. आदेश काढणारेही सचिव आणि तपासणाऱ्या समितीतही सचिवच, न्यायाधीश एकही नाही. तरीही तिथे निदान एक सही असते, एक मुदत असते आणि काम संपल्यावर नोंदी नष्ट करण्याचे बंधन असते.

माझ्या भाडेकरूच्या कागदांना यांपैकी काय होते? ते किती दिवस ठेवायचे, कोणी पाहायचे, मुलगी खोली सोडून गेल्यावर कोणी पुसायचे, याची एक ओळ त्या अर्जावर नव्हती आणि विचारले तर कोणाला सांगता आली नाही. आपण ज्या २०१७ च्या नऊ न्यायाधीशांच्या निकालाचा ओझरता उल्लेख केला आहे, त्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवताना हेच म्हटले आहे की, तो मर्यादित करायचा तर कायद्याचा आधार हवा, हेतू रास्त हवा आणि उपाय प्रमाणात हवा. प्रमाण हा शब्द आपल्या अग्रलेखात कुठेच सापडला नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा नागरिकांचे कवच आहे असे आपण लिहिता, परंतु देशाच्या सुरक्षिततेसारख्या कारणांसाठी केंद्र सरकार शासनाच्या ज्या यंत्रणेला अधिसूचित करील, तिला तो कायदा लागूच होणार नाही, असे त्याच्याच कलम १७ मध्ये आहे. कवचाला पाठीमागून दार ठेवलेले असेल, तर तेही लिहायला हवे होते.

नागपूरकराला धोका समजत नाही असेही नाही. १ जून २००६ च्या पहाटे महाल भागातील राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या मुख्यालयावर झालेला हल्ल्याचा प्रयत्न पोलिसांनी उधळून लावला आणि तीनही हल्लेखोर ठार झाले, त्या दिवशी मी सकाळच्या पाळीला निघालो होतो. गस्तीवरील पोलिसांना एका मोटारीचा संशय आला, म्हणून शहर वाचले. त्या पोलिसांना माझा आजही सलाम आहे. परंतु एटापल्लीच्या मुलीचा मोबाइल क्रमांक झेरॉक्सच्या दुकानात पडून राहिल्याने महालातली कोणती इमारत अधिक सुरक्षित झाली, एवढेच आपण एकदा समजावून सांगावे.

जाता जाता एक. उन्हाळ्यात ओसीडब्ल्यू या शहराला पाणी पुरवणाऱ्या कंपनीच्या पाणीपुरवठ्याविषयी मी लिहिलेले पत्र आपण छापले, त्याबद्दल आभारी आहे. त्यातील अर्धा मजकूर कापला गेला, याचीही तक्रार नाही. मात्र फक्त कार्यालयाच्या माहितीसाठी दिलेला माझा घर क्रमांक आणि मोबाइल क्रमांक आपण पत्राखाली जसाच्या तसा छापलात, तेव्हापासून वर्धा रोडवरचे भूखंड विकणारे मला रोज दुपारी झोपेतून उठवतात. या पत्रातले वाटेल ते कापा, परंतु खाली लिहिले आहे त्याहून अधिक काही छापू नये, ही नम्र विनंती.

आपला,
एक जुना वर्गणीदार, मानेवाडा, नागपूर