युरोपात विकताना नियम युरोपचेच

महोदय,

कोल्हापुरी चपला इन्स्टाग्रामवरून थेट जर्मनी-फ्रान्सच्या ग्राहकांना विकता येतात, ही मोठीच संधी आहे. मात्र दुकान इथे असले तरी जाहिरात तिथल्या ग्राहकासाठी असेल, तर नियम तिथले लागतात.

सर्वाधिक घोळ माल परत घेण्यात होतो. ग्राहक माल मिळाल्यापासून १४ दिवसांत कारण न देता खरेदी रद्द करू शकतो, आणि तेव्हा सुरुवातीचा साधा टपालखर्चही परत द्यावा लागतो. परतीचा खर्च ग्राहकावर टाकायचा, तर ते आधी लिहिलेले हवे. हा हक्क कळवलाच नाही, तर मुदत १२ महिन्यांनी वाढते! पायाच्या मापाने खास बनवलेली चप्पल यातून सुटते. ठरावीक नंबरांतून निवडलेली सुटत नाही.

सवलतीचेही तसेच. ६० युरो खोडून ४८ लिहिले, पण मागील ३० दिवसांत तीच चप्पल ४५ ला विकली असेल, तर ती सवलत ठरत नाही.

जाहिरातीचे ईमेल संमतीशिवाय पाठवू नयेत. आधीच टिक केलेली चौकट म्हणजे संमती नव्हे. जर्मनीत तर नोंदणीनंतर पुष्टीची लिंक पाठवून ग्राहकाने ती दाबल्याची नोंद ठेवणेच सुरक्षित.

१३ डिसेंबर २०२४ पासून युरोपीय संघातील जबाबदार व्यक्तीचे (मालाच्या सुरक्षिततेसाठी तिथे उत्तरदायी असलेली व्यक्ती किंवा संस्था) नाव, टपालाचा पत्ता व ईमेल विक्रीच्या पानावरच द्यावा लागतो. निर्यात प्रशिक्षणात हे विषय पहिल्याच दिवशी शिकवावेत.

– एक वाचक, कोल्हापूर