रविवारचे दोन तास ‘शिकवणी’ कसे ठरतात?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मी जागनाथ बुधवारीत राहतो, बोर्ड रंगवतो. फ्लेक्स आल्यापासून काम कमी झालं, पण हात अजून चालतो. हा हात मला एका शिक्षकानं दिला. आणि आता आमच्या वस्तीतल्या एका शिक्षिकेला रविवारी पोरांना फुकट चित्रकला शिकवल्याबद्दल खुलासा द्यावा लागला, म्हणून हे पत्र लिहायला बसलो.

1977 साली मी महापालिकेच्या शाळेत सातवीत होतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची मारबतीची मिरवणूक जवळ आली की आमचे ड्रॉइंगचे सर रात्री जेवण करून सायकलनं आमच्या गल्लीत यायचे. तिथं बडग्या, म्हणजे मिरवणुकीत फिरवून मग जाळायचा पुतळा, बनत असे. बांबूच्या कमच्या, रद्दी, मैद्याची खळ. सांगाडा मोठी माणसं बांधत, पाट्या सरांकडे. त्या वर्षी विषय महागाईचा होता. सरांनी एक पाटी माझ्यापुढे सरकवली. मी आधी लांबलचक शिरोरेघ ओढली आणि खाली अक्षरं लटकवत गेलो. शेवटचा शब्द मावेना. सरांनी ओल्या फडक्यानं सगळं पुसलं. आधी अक्षरांची जागा मोज, अक्षरं बसव, रेघ सगळ्यात शेवटी, असं सांगितलं. मग मला वीस पावलं मागं नेऊन उभं केलं. मिरवणुकीत लेकराला खांद्यावर घेतलेल्या माणसाला इथून वाचता आलं पाहिजे, म्हणाले. ती पाटी दुसऱ्याच दिवशी बडग्यासोबत जळाली. मी मात्र आजही रेघ शेवटीच ओढतो.

पुढं नाटकांचे पडदे रंगवायला गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला जाऊ लागलो. दिवाळीनंतर झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या त्या भागात, नाटकांचा हंगाम असतो, रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं. त्या नाटकांत काम करणारे, पेटी वाजवणारे, नवख्या पोरांकडून संवाद पाठ करून घेणारे कितीतरी गुरुजी मी पाहिले. गावाला त्यात नवल वाटत नसे. गुरुजी म्हणजे गावाचेच.

आता मूळ गोष्ट. आमच्या वस्तीत राहणाऱ्या एक तरुण मॅडम एका शाळेत चित्रकला शिकवतात. मागच्या उन्हाळ्यापासून त्या दर रविवारी समाजमंदिरात दोन तास वस्तीतल्या पोट्ट्यांना घेऊन बसायच्या. पैसा एक घेत नव्हत्या. रंग मी द्यायचो. तान्ह्या पोळ्यासाठी, म्हणजे लेकरांच्या पोळ्यासाठी, पोरं लाकडी नंदी रंगवत होती. दुकानातला तयार नंदी चमकतो खरा, पण स्वतः रंगवलेला नंदी घेऊन घरोघर बोजारा, म्हणजे पोळ्याचे खाऊ-पैसे, मागताना पोरगं जसं ताठ चालतं, ते बघण्यासारखं असतं. कुणीतरी शाळेला कळवलं की या बाहेर शिकवण्या घेतात. मॅडमना लेखी खुलासा मागितला. त्यांनी दिला आणि त्या रविवारपासून येणं बंद केलं.

शिक्षण हक्क कायद्याचं 28 वं कलम शिक्षकांना खासगी शिकवणी करू देत नाही, हे मला माहीत आहे. ते असायलाच हवं. वर्गात अर्धवट शिकवून उरलेलं संध्याकाळी फी घेऊन शिकवण्याचा धंदा त्याशिवाय थांबत नाही. पण लाकडाच्या बैलाचं शिंग रंगवायला फुकट शिकवणं हा तो धंदा आहे का? त्याच कायद्याच्या 27 व्या कलमात लिहिलं आहे की जनगणना, आपत्तीतलं मदतकार्य आणि निवडणुका सोडून शिक्षकांना बिगर-शैक्षणिक कामाला लावू नये. हे कलम कुणाला आठवत नाही. माहिती भरा, फोटो अपलोड करा, आजच्या आज यादी पाठवा. हे मी माझ्या सुनेच्या तोंडून रोज ऐकतो, तीही शिक्षिका आहे. रात्री नऊला तिचा मोबाईल वाजतो तेव्हा ताट पुढ्यात असतं. माझे सर ज्या वेळेला गल्लीत यायचे, ती हीच वेळ.

माझी शिक्षण विभागाला आणि संस्थाचालकांना हात जोडून विनंती आहे. शिक्षक वस्तीत विनामोबदला काही करत असेल, तर चौकशी करण्याआधी एकदा येऊन बघा. आणि कृपा करून याचंही परिपत्रक काढू नका. ‘प्रत्येक शिक्षकाने महिन्यातून दोन उपक्रम करावेत, छायाचित्रांसह अहवाल सादर करावा’ असं झालं, तर जे मनापासून करतात तेही कंटाळतील. त्यांचा वेळ त्यांना परत द्या, एवढंच पुरे. महापालिकेच्या ज्या शाळांच्या खोल्या संध्याकाळी कुलपात असतात, त्यातली एखादी मागेल त्या शिक्षकाला वापरू द्या. किल्ली सांभाळायला वस्तीतली माणसं आहेत. मी आहे.

मॅडम पैसे घेत नव्हत्या, हे वस्तीतले आईबाप लिहून द्यायला तयार आहेत. अर्धवट रंगवलेले बावीस नंदी माझ्या दुकानाच्या माळ्यावर कागदात गुंडाळून ठेवले आहेत. प्रत्येकाच्या पोटाखाली पोराचं नाव पेन्सिलनं लिहिलेलं आहे.

आपला,
एक बोर्ड पेंटर
जागनाथ बुधवारी, नागपूर