फ्रीजवरचा नंबर

ती. आई-बाबांस,
सा. न.

नेत्रदानाचे अर्ज भरून तुम्ही कपाटात ठेवलेत, हे दादाकडून कळलं. ते आता बाहेर काढा आणि नेत्रपेढीचा नंबर ठळक लिहून फ्रीजवर लावा. अभद्र बोलतेय असं समजू नका. माझ्या डाव्या डोळ्यात गेली सत्तावीस वर्षं दुसऱ्या कुणाचं बुबुळ, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, आहे. त्या घरात कुणीतरी रडणं बाजूला ठेवून वेळेत फोन केला, म्हणून ते मला मिळालं. अर्जात फक्त इच्छा कळते. संमतीची सही मृत्यूनंतर जवळच्या नातेवाइकानंच करायची असते, साक्षीदारांसमोर.

आणि हे सगळं सहा तासांच्या आत. आपल्या पुण्यात गाडी अडते ती इथेच. मुलगा अमेरिकेत, ‘तो आला की ठरवू’, तोवर देह शवागारात. बुबुळाच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो. तो पाणी बाहेर टाकत राहतो म्हणून बुबुळ काचेसारखं स्वच्छ राहतं. त्या पेशी मेल्या की पुन्हा तयार होत नाहीत. म्हणून दादाचं नि माझं ठरलंय, जो जवळ असेल त्यानं सही करायची, दुसऱ्याची वाट बघायची नाही. शेजारच्या काकूंनाही सांगून ठेवा.

पंखा बंद करायचा, कारण वाऱ्यानं बुबुळ सुकतं. (आपल्याकडे नेमका तोच फुल करतात.) पापण्या नीट मिटवून वर ओल्या कापसाच्या घड्या ठेवायच्या. डोक्याखाली उशी द्यायची, म्हणजे नंतर रक्तस्राव कमी होतो. डॉक्टरांचा दाखला तयार ठेवायचा. तो वैकुंठ स्मशानभूमीत लागतोच. पेढीची माणसं घरी येतात, तपासणीसाठी थोडं रक्त घेतात आणि वीस-तीस मिनिटांत काम उरकतं. चेहरा विद्रूप होत नाही.

बाबा, मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये आतलं भिंग बदलतात, बुबुळ तुमचंच राहतं. ते चालतं. आई, तुझा मधुमेहही आड येत नाही. रेबीज, एचआयव्ही, बी किंवा सी कावीळ, रक्ताचा कर्करोग असेल तर रोपण करत नाहीत, पण ते पेढीवाले ठरवतील. आपण फोन करायचाच. आणि पुढच्या जन्मी आंधळं व्हायला होतं, असं आत्या म्हणाली ना? दधीचींनी तर अस्थी दिल्या. त्यांना कोणी असं म्हटलं नाही.

या विषयात जितकं वाचते तितकं तुमचं मोल जास्त कळतं. बुबुळ मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. ते साधारण सोळा टाक्यांनी बसवतात, केसापेक्षा बारीक नायलॉनच्या धाग्यानं. मुलांमध्ये हे टाके लवकर सैल होतात. सैल टाक्याभोवती रक्तवाहिन्या वाढतात आणि शरीर ते बुबुळ नाकारू लागतं, म्हणून सारख्या तपासण्या. शिवाय रोपण झालं म्हणजे मूल बघायला लागलं असं होत नाही. मेंदूला त्या डोळ्याची सवय लागावी म्हणून चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी बांधावी लागते, मूल कितीही ओरडलं तरी. ती पट्टी तू बांधलीस, आई. थेंबांच्या वेळा बाबांनी पाळल्या. सर्जनचं काम एका दिवसाचं होतं, तुमचं कित्येक वर्षांचं.

माझी काळजी करू नका. वीस वर्षांनीही शरीर बुबुळ नाकारू शकतं, हे पक्कं लक्षात आहे. डोळा लाल झाला, उजेड खुपला, अंधुक दिसलं किंवा दुखलं, तर त्याच दिवशी डॉक्टर. उद्यावर ढकलत नाही. ती जखम मूळच्या डोळ्याइतकी मजबूत कधीच होत नाही, म्हणून गाडीवर चष्मा असतो आणि रंगपंचमीला मी घरात.

रविवारी येते. जाड मार्कर आणते. फ्रीजवरचा नंबर मीच लिहीन, बाबांना चष्म्याशिवाय दिसेल एवढा.

तुमची,
ताई