‘भाऊंची मुलगी’ एवढीच ओळख?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

चतुर्थीच्या सुट्टीत आमच्या वाड्यावरच्या मुलांसाठी प्रश्नमंजूषा घेतली. ‘गोव्याच्या पहिल्या महिला मुख्यमंत्री कोण?’ हा प्रश्न मीच काढला होता. आठवीतल्या एका मुलीने झटकन हात वर केला आणि म्हणाली, “भाऊसाहेब बांदोडकरांची मुलगी!” नाव विचारले तर आठवेना. जमलेल्या पालकांनी टाळ्या वाजवल्या. मी गुण दिले नाहीत, तेव्हा पोर हिरमुसली. दोष तिचा नव्हताच. आम्ही मोठी माणसे घरात जे बोलतो तेच तिने सांगितले.

गोव्याचे पहिले मुख्यमंत्री असलेल्या भाऊंच्या निधनानंतर ऑगस्ट १९७३ मध्ये त्यांची मुलगी शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री झाल्या, हे खरे. पण १९७७ च्या निवडणुकीनंतर त्या पुन्हा त्या खुर्चीवर बसल्या, त्या काही वडिलांच्या चितेची राख निवते न निवते तोवर मिळालेल्या सहानुभूतीवर नव्हे. एप्रिल १९७९ पर्यंत त्यांनी कारभार केला. महाराष्ट्र राज्य होऊन इतकी वर्षे झाली, तिथे अजून एकही बाई मुख्यमंत्री झालेली नाही. आमच्या एवढ्याशा गोव्यात मराठीतून भाषण करणारी एक बाई पन्नास वर्षांपूर्वी राज्य चालवत होती.

आणि त्या राज्यात काय झाले, ते मला कुणी पुस्तकातून सांगायला नको. मी मुंडकाराची, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याची, मुलगी. आमचे घर भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत, मातीच्या भिंतींचे. एका पावसाळ्यात न्हाणीची भिंत बसली. वडिलांना चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, भिंत घालायची होती. भाटकार होकार देईना, कारण चिरा चढला की मुंडकार कायमचा झाला, ही त्याची भीती. दोन पावसाळे आम्ही त्या जागी माडाची चुडते बांधून काढले. आई पहाटे, उजाडायच्या आत आंघोळ उरकून घ्यायची.

मग १९७५ चा मुंडकार कायदा आला. मुंडकाराला घरातून हुसकावता येईना, वर घर आणि भोवतालची जागा, गावात ३०० चौरस मीटरपर्यंत, विकत घ्यायचा हक्क मिळाला. आमची भिंत चिऱ्यांची झाली. मामलेदार कचेरीत वडिलांनी किती खेटे घातले त्याला गणती नाही, पण शेवटी कागद हाती आला. आई आज पंच्याऐंशी वर्षांची आहे. तो कागद तिच्या पेटीत, लग्नातल्या साडीच्या घडीत आहे. पुढच्याच वर्षी, १९७६ मध्ये, कूळ कायद्यात पाचवी दुरुस्ती झाली आणि कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक मानले गेले. अंमलबजावणी रखडली, कित्येक दावे अजून लोंबकळत आहेत, हे मी नाकारत नाही. तरीही ताईंचे नाव निघाले की हे दोन कायदे आधी आठवले पाहिजेत, वडील मागाहून.

आमच्याच फोंडा तालुक्यातल्या केरी गावच्या गायिका केसरबाई केरकरांचेही तेच. त्यांचा आवाज अवकाशात गेला, हे आता पुष्कळांना ठाऊक आहे. १९७७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुटलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर त्यांची भैरवी आहे, जेमतेम साडेतीन मिनिटांची, आणि दुसरे यान सुटल्यावर अकराच दिवसांत केसरबाई गेल्या. ही गोष्ट सांगताना आपला ऊर भरून येतो. पण त्या साडेतीन मिनिटांमागे काय होते? कलावंत घराण्यात जन्मलेली ही मुलगी लहानपणी काही महिने अब्दुल करीम खाँकडे शिकली, मग वझेबुवा, बखलेबुवा, बरकतुल्ला खाँ, असे तुटक तुटक. अल्लादिया खाँसाहेबांचा गंडा बांधला तो १९२१ मध्ये, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी. तिथून १९४६ मध्ये खाँसाहेब जाईपर्यंत तालीम. पंचवीस वर्षे! ज्या वयात बायकांना ‘आता काय शिकायचे राहिले’ म्हणतात, त्या वयात ही बाई नव्याने आवाज लावायला बसली. ‘खाँसाहेबांची शिष्या’ म्हणून आपण मोकळे होतो, त्या शब्दात हे कष्ट दिसतच नाहीत.

महाराणी ताराबाईंची तर थेट सोळा आणे फसवणूक. हंबीररावांची लेक, शिवरायांची सून, राजारामांची राणी, आणि मग एकदम शाहूंशी भांडणारी बाई. मधली सात वर्षे कुठे गेली? १७०० मध्ये राजाराम महाराज वारले तेव्हा त्या पंचविशीच्या होत्या, आणि राज्याची सूत्रे त्यांनीच हाती घेतली. औरंगजेब एकेक किल्ला घेत होता, मराठे ते परत मिळवत होते आणि नर्मदा ओलांडून माळव्यात घुसत होते. १७०७ मध्ये तो अहमदनगरला मेला, तेव्हा मराठ्यांचे राज्य उभेच होते.

संपादक महाशय, एक विनंती आहे. मुंडकार कायद्याने ज्यांचे घर वाचले ती माणसे आता ऐंशीच्या पुढे आहेत. फोंड्यात, डिचोलीत, पेडण्यात आपले वार्ताहर पाठवा आणि त्यांना बोलते करा. आमच्याकडेही यावे. आई पेटी उघडून कागद दाखवील, आणि चिऱ्याची ती भिंतही अजून उभी आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, फोंडा