दुकानाच्या पाटीत राहिलेली बाई

मिडलंड, मिशिगन
१९ जानेवारी २०२५

तीर्थरूप बाबांस,
कृतानेक शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

परवा तुम्ही घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जी चित्रफीत पाठवली, ती आमच्याच गावातली आहे हे बहुधा तुमच्या लक्षात आले नसावे. किराणा दुकानाच्या छतावरच्या पाटीत वर्षभर लपून राहिलेल्या बाईची ती गोष्ट. तुम्ही खाली ‘बाईची कमाल आहे’ असे लिहिलेत, काकांनी हसरे चेहरे टाकले आणि मीनलने ‘भाडे नाही, वीजबिल नाही’ असे लिहिले. त्यावर तिथेच दोन ओळींत उत्तर देणे मला जमले नाही, आणि फोनवर हा विषय निघाला तरी आईच्या तब्येतीकडे आणि घराच्या रंगाकडे वळून जाईल, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

घडले ते असे. २०२४ च्या एप्रिलमध्ये इथल्या ‘फॅमिली फेअर’ नावाच्या दुकानाच्या छतावर काम करणाऱ्या कंत्राटदाराच्या माणसांना विजेची एक जोडवायर दिसली. ती कुठे जाते हे पाहत ते गेले, तर ती दुकानाच्या नावाच्या पोकळ पाटीत शिरत होती. आत चौतीस वर्षांची एक स्त्री राहत होती. ती जागा साधारण पाच फूट रुंद आणि आठ फूट उंच असावी. आत जमिनीवर काहीतरी अंथरून केलेली फरशी होती, एक छोटे टेबल, कपडे, संगणक, प्रिंटर, कॉफीचे यंत्र आणि खाण्याच्या वस्तू होत्या. आपण सुमारे वर्षभर इथे राहतो आहोत असे तिने पोलिसांना सांगितले. तिला नोकरी होती. ती वर कशी चढत असे, हे तिने शेवटपर्यंत सांगितले नाही. तिच्यावर कुठलाही खटला भरला गेला नाही, मदत कुठे मिळू शकेल याची माहिती तिला दिली गेली, आणि ती दिलगिरी व्यक्त करून निघून गेली. पोलीस आणि दुकानाची माणसे तिच्याशी सौजन्याने वागली, हे मुद्दाम नोंदवले पाहिजे, कारण इतर अनेक ठिकाणी तसे घडले नसते. ती कुठे गेली, हे मात्र पोलिसांनाही सांगता आले नाही.

बातमी फुटल्यावर ती बघता बघता जगभर पसरली. लोकांनी तिला ‘रूफटॉप निंजा’ असे टोपणनाव दिले. आमच्या कार्यालयात दुपारच्या जेवणाच्या वेळी दोन-तीन दिवस दुसरा विषय नव्हता, आणि बोलण्याचा सूर तुमच्या ग्रुपवरच्या सुरासारखाच कौतुकाचा होता. कोणी तिच्या कल्पकतेची वाखाणणी करत होते, कोणी कॉफीच्या यंत्राची, आणि सगळ्यात जास्त वाहवा होत होती ती तिच्या नीटनेटकेपणाची. मला त्या वेळी जाणवले आणि आजही तेच वाटते, की आपण कौतुक करत होतो ते तिच्या हुशारीपेक्षा तिच्या न दिसण्याचे. तिने कोणाकडे काही मागितले नाही, कोणाच्या वाटेत ती आली नाही, वर्षभर तिने आपल्याला तिच्याविषयी काहीही वाटून घेण्याची वेळ येऊ दिली नाही, आणि ती सापडली तेव्हा तिची गोष्ट आपोआप गोड शेवटाची ठरली. तिने उन्हाळ्यात तापणाऱ्या आणि जानेवारीत शून्याखाली दहा-पंधरा अंश जाणाऱ्या हवेत त्या पत्र्याच्या खोक्यात रात्री काढल्या होत्या. इथला हिवाळा आता तुम्ही दोघांनी पाहिला आहे, म्हणून त्याविषयी अधिक लिहीत नाही.

त्या जेवणाच्या टेबलावर एकच जण गप्प होती. माझ्या प्रयोगशाळेत काम करणारी, माझ्याहून बरीच मोठी अशी एक सहकारी आहे. तिने पुढे एकदा मला सांगितले, की लहानपणी ती, तिचा भाऊ आणि आई असे तिघे एक अख्खा हिवाळा मोटारीत राहिले होते. रात्री आई गाडी रुग्णालयाच्या वाहनतळावर लावत असे, कारण तिथे रात्रभर गाडीत बसलेल्या माणसाला कोणी हटकत नाही. आत कोणीतरी आजारी असेल असे समजून लोक पुढे जातात. सगळ्यात मोठी भीती काचांची होती. तीन माणसांच्या श्वासाने काचा आतून धुरकट होतात आणि बाहेरून पाहणाऱ्याला लगेच कळते की गाडीत माणसे झोपली आहेत, त्यामुळे कितीही थंडी असली तरी एक काच बोटभर उघडी ठेवावी लागे. सकाळी पेट्रोल पंपाच्या स्वच्छतागृहात हात धुण्याच्या साबणाने केस धुवायचे, हात वाळवायच्या यंत्राखाली मान वाकवून ते वाळवायचे, आणि शाळेत वेळेवर पोहोचायचे. शाळेत कोणी पत्ता विचारला तर काय सांगायचे, हे आईने पाठ करून घेतले होते, कारण कळले तर मुलांना आपल्यापासून काढून घेतील अशी तिला धास्ती होती. पाटीतल्या बाईच्या बातमीविषयी ती एवढेच म्हणाली, “सगळे कॉफीच्या यंत्राबद्दल बोलत होते. ती संडासला कुठे जात असेल, हे कोणीच विचारले नाही.”

बाबा, हे एकाच गावापुरते नाही. २००८ साली जपानमधल्या फुकुओका प्रांतात एकट्या राहणाऱ्या एका माणसाला स्वयंपाकघरातले अन्न कमी होत आहे असा संशय आला, त्याने घरात कॅमेरे लावले, आणि पोलिसांना त्याच्या भिंतीतल्या कपाटाच्या वरच्या कप्प्यात अठ्ठावन्न वर्षांची एक बाई सापडली. राहायला जागा नाही म्हणून ती सुमारे वर्षभर त्याच्या घरात लपून राहत होती. कप्प्यात तिने छोटी गादी नेऊन ठेवली होती, ती चोरून अंघोळही करत असे, आणि पोलिसांच्या वर्णनात ती नीटनेटकी आणि स्वच्छ होती. ही गोष्ट आजही जगभर अंगावर काटा आणणारी भयकथा म्हणून सांगितली जाते. त्या घरमालकाची भीती मला खोटी वाटत नाही. आपल्या घरात आपल्या नकळत कोणी वर्षभर वावरत होते हे कळल्यावर कोणाचीही झोप उडेल. पण तिच्या बाजूने पाहिले तर मिडलंडची बाई आणि ती, दोघींची अडचण एकच होती. एकीला आडोसा दुकानाच्या छतावर मिळाला म्हणून ती कौतुकाला पात्र ठरली, दुसरीला तो माणसाच्या घरात मिळाला म्हणून ती भूत झाली.

आणि तिसरे उदाहरण तर मला फार बोलके वाटते. ऱ्होड आयलंड राज्यातल्या प्रॉव्हिडन्स शहरातल्या मोठ्या मॉलमध्ये मायकल टाउनसेंड आणि त्याच्या कलावंत मित्रांनी २००३ ते २००७ अशी चार वर्षे एका वापरात नसलेल्या, सुमारे साडेसातशे चौरस फुटांच्या जागेत गुपचूप घर थाटले होते. सोफा, टेबल, टीव्ही, सगळे. ते सापडले तेव्हा टाउनसेंडला फार कडक शिक्षा झाली नाही, आणि आज ती गोष्ट कलाकृती म्हणून सांगितली जाते. मला त्या मंडळींविषयी आकस नाही. पण त्यांना तिथून बाहेर पडता येत होते, आणि ज्यांना बाहेर पडून जायला जागा नाही त्यांच्या गोष्टी आपण त्यांच्याच गोष्टीच्या चालीवर ऐकतो, हे मला खटकते.

आता हीच माणसे उघड्यावर दिसू लागली की काय होते ते पाहा. आमच्याकडे पाटीतल्या बाईचे कौतुक ओसरले नव्हते तोच, २८ जून २०२४ रोजी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ओरेगन राज्यातल्या ग्रँट्स पास या छोट्या शहराच्या खटल्यात सहा विरुद्ध तीन अशा बहुमताने निकाल दिला, की सार्वजनिक जागी पांघरूण घेऊन झोपणाऱ्याला दंड करणे ही राज्यघटनेने मना केलेली क्रूर शिक्षा ठरत नाही, मग त्याला जायला निवारा असो वा नसो. झोप ही शरीराची गरज आहे, गुन्हा नव्हे, असे न्यायमूर्ती सोटोमायर यांनी विरोधी मतपत्रात लिहिले. त्यानंतर अनेक शहरांनी असे नियम केले किंवा कडक केले. जो तंबू रस्त्यावरून दिसतो त्याच्याविषयी लोक जे बोलतात, ते ऐकवत नाही. आणि बोलणारे पुष्कळदा तेच असतात, ज्यांनी पाटीची बातमी हौसेने पुढे पाठवलेली असते.

हा निकाल वाचताना मला तुमच्या टेबलावरची ऑल्गा टेलिस खटल्याची फाइल आठवली. पावसाळ्यात मुंबईच्या फुटपाथवरच्या लोकांना उठवून गावी धाडण्याचा अंतुले सरकारचा १९८१ चा निर्णय, त्याविरुद्ध पत्रकार ऑल्गा टेलिस यांनी आणि स्वतः फुटपाथवर राहणाऱ्यांनी केलेल्या याचिका, आणि जुलै १९८५ मध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने दिलेला निकाल, हे सगळे तुम्ही आम्हाला जेवताना समजावून सांगत होता. फुटपाथ अडवण्याचा हक्क त्या निकालाने कोणाला दिला नाही, आणि त्याने घरे वाचली नाहीत, ही तुमची खंत मला माहीत आहे. पण माणूस फुटपाथवर का राहतो, तर त्याचे काम तिथून जवळ आहे म्हणून राहतो, आणि उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, एवढे तरी न्यायालयाने पूर्ण ऐकून घेऊन लिहून ठेवले. कारण विचारण्याची ती तसदी मला इथल्या जेवणाच्या टेबलावर दिसली नाही आणि, रागावू नका, आपल्या ग्रुपवरही दिसली नाही.

सरकारी मोजणीनुसार जानेवारी २०२४ मधल्या एका रात्री या देशात ७,७१,४८० माणसे बेघर होती, आदल्या वर्षापेक्षा सुमारे अठरा टक्क्यांनी जास्त. ही मोजणी निवाऱ्यांतल्या नोंदी घेऊन आणि रात्री रस्त्यांवर फिरून करतात. पाटीतली बाई त्या रात्री पाटीतच असली पाहिजे, आणि मोजणाऱ्यांना ती दिसण्याचा काही मार्ग नव्हता. घर गेल्यामुळे नातेवाइकाच्या तळघरात किंवा ओळखीच्यांच्या सोफ्यावर दिवस काढणारी कुटुंबेही या आकड्यात धरत नाहीत. मात्र शाळांना लागू असलेला, १९८७ साली झालेला आणि आता मॅकिनी-व्हेंटो या नावाने ओळखला जाणारा कायदा अशा मुलांना बेघर मानतो, आणि पत्त्याचा पुरावा नसला तरी त्यांना शाळेत घ्यावे लागते. माझ्या सहकारीच्या आईला हे ठाऊक असते तर तिला पत्ता पाठ करून घ्यावा लागला नसता.

या महिन्याच्या अखेरीस पुन्हा मोजणी आहे. सहकारीने आणि मी आमच्या भागासाठी स्वयंसेवक म्हणून नावे दिली आहेत. कुठे शोधायचे हे ती मला आधीच सांगू लागली आहे: चोवीस तास उघडी दुकाने, धुलाईघरे, आणि रुग्णालयाचे वाहनतळ. सापडलेल्या माणसाशी कसे बोलायचे हेही ती शिकवते आहे. तोंडावर उजेड टाकायचा नाही, काचेवर टकटक करण्याआधी चार पावले दूर उभे राहून आपले नाव सांगायचे, आणि ‘इथे कसे राहता’ असे विचारण्याऐवजी ‘आज रात्री काय हवे आहे’ असे विचारायचे.

तुम्हाला एक विनंती आहे. ऑल्गा टेलिस निकालाच्या तुमच्या प्रतीत समासात पेन्सिलीने केलेल्या टिपा आहेत, त्या पानांचे फोटो दादाकडून काढून मला पाठवा. त्या पावसाळ्यानंतर, त्यांना हटवू नये म्हणून न्यायालयाने दिलेली ऑक्टोबर १९८५ पर्यंतची मुदत संपल्यावर, त्या लोकांपैकी ज्यांच्याविषयी तुमच्या कानावर काही आले असेल, तेही लिहा. आणि हे पत्र काकांना आणि मीनलला वाचायला दिलेत तर बरे होईल.

आईला नमस्कार.

तुमची,
वैशाली