माळवद गेले, पत्रे आले

महोदय,

मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पारा ४२ वर गेला, की पत्र्याच्या खोलीत दुपारी बसवत नाही. रात्रीही भिंती तापलेल्याच. गावात एखादे जुने माळवद, म्हणजे मातीच्या सपाट छताचे घर, शिल्लक असेल, तर भर दुपारी तिथे जाऊन पाहावे. लाकडी तुळया, वर फळ्या, त्यावर पाला आणि पांढऱ्या मातीचा जाड थर. दिवसाची उष्णता आत झिरपेपर्यंत सूर्य मावळतो. गरम हवा छतातल्या साण्यातून (झरोक्यातून) वर निघून जाते.

माळवदाचे निव्वळ गोडवे गाण्यात अर्थ नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात किल्लारी परिसरात दगडमातीच्या भिंती आणि जड छतांखालीच माणसे गाडली गेली. धास्तावलेले लोक पत्र्याकडे वळले, ते समजण्यासारखे आहे. पण भूकंपाला टिकेल असा सांगाडा उभारून वर उष्णता अडवणारा थर देता येतोच की! निदान छताला चुन्याचा पांढरा हात, पश्चिमेच्या भिंतीला सावली, समोरासमोर खिडक्या एवढे तरी घरकुलाच्या आराखड्यात हवे. आपल्याकडची उन्हाळी हवा कोरडी, त्यामुळे दारावर भिजवलेली वाळ्याची ताटीही उत्तम काम करते; पाणीटंचाईत तिला पाणी कुठून आणायचे, हा भाग वेगळा.

औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) पाणचक्कीत हौदाखालच्या दालनाचे छत म्हणजे पाण्याने भरलेल्या हौदाचा तळच आहे. ऐन उन्हाळ्यात तिथे गारवा असतो. घरकुलाचे नकाशे मंजूर करणाऱ्यांची एक बैठक मे महिन्यात तिथे घ्यावी आणि दुसरी पत्र्याखाली, पंखा बंद ठेवून.

– एक वाचक, लातूर